साबणआपा

माझ्या बायकोला तिच्या संस्थेत साबणआपा म्हणत. तोंडावर नाही. तोंडावर ती सालोमत आपा होती. आपा म्हणजे ताई. पण ती जिना उतरून गेली की वरच्या मजल्यावर कुणीतरी हसायचं, आणि ते हसू कशाचं आहे हे तिला कळायचं. मलाही कळायचं. पंचवीस वर्षं हे चाललं. ती निवृत्त झाली त्या दिवशी निरोपाच्या वेळी पोरांनी तिला सुवासिक साबणाचा खोका दिला. सहा वड्या. सगळे हसले. तिनं आभार मानून खोका पिशवीत घातला आणि घरी येऊन त्यातली एक वडी नळापाशी ठेवली. "साबण चांगला आहे," म्हणाली.

मीही त्याच संस्थेत होतो, पण तळघरात. लेथ, गिरमिट, काच वितळवायची शेगडी, हे माझं राज्य. मला सगळे उस्ता म्हणत, म्हणजे कारागीर. कामाच्या वेळेत तीसुद्धा. "उस्ता, चारपर्यंत भांडं मिळेल का?" आणि संध्याकाळी त्याच तोंडानं, "अहो, नान आणलेत का?" नव्यानं आलेल्यांना आम्ही नवराबायको आहोत हे महिनामहिना कळत नसे.

तिचं काम मी माझ्या भाषेत सांगतो. चुकलं तर चुकलं, दुरुस्त करायला ती नाही.

शरीर पेशींचं असतं. प्रत्येक पेशीला चरबीचं पातळ कातडं असतं. चरबीतून खारं पाणी जात नाही. पण जायला तर हवं, नाहीतर हृदय धडकणार नाही, बोट हलणार नाही. म्हणून त्या कातड्यात जागोजागी प्रथिनं बसलेली असतात, भिंतीत चौकट बसावी तशी. ती उघडली की मिठाचे कण आरपार जातात आणि त्यांच्याबरोबर इवलीशी वीज जाते. मिटली की थांबते. त्यांना संस्थेत वाहिन्या म्हणत. सालोमत घरी दारं म्हणायची.

तिनं पेशीशिवाय नुसतं कातडंच बनवलं होतं. टेफ्लॉनचं छोटं भांडं, त्याच्या भिंतीला अर्ध्या मिलिमीटरचं भोक, दोन्ही बाजूंना खारं पाणी. भोकावर ती बारीक कुंचल्यानं चरबीचा थेंब फिरवायची. थेंब पसरत पसरत इतका पातळ व्हायचा की भिंगातून काळा दिसायचा. ते झालं कातडं. त्यातून काही जात नसे. कागदाच्या पट्टीवर वीज नोंदणारी लेखणी सरळ रेघ ओढत बसायची. मग ती पाण्यात काराकुर्तचं विष टाकायची. काराकुर्त म्हणजे आमच्या माळावरचा काळा कोळी, उंटाला चावला तर उंट आडवा होतो. त्या विषातली प्रथिनं कातड्यात जाऊन बसली की लेखणी टुणकन वर उडायची. थोडा वेळ वर चालायची, परत खाली. एक दार उघडलं, एक दार मिटलं.

"ही दारं आपल्या दारांसारखी नसतात," ती म्हणाली होती. "किलकिलं वगैरे नाही. उघडं, नाहीतर बंद."

"मग आपल्या आईच्या तोंडासारखं नाही म्हणायचं. ते कधी बंदच होत नाही."

"अहो, हळू. ऐकतील त्या."

तेव्हा ती माझ्या विनोदांना हसायची.

ते भोक माझं होतं. संस्थेत यंत्रं जर्मन होती, कागद फिनलंडचा होता, पण ते भोक माझं. कड जराशी खरखरीत राहिली तर कातडं फाटतं. मी तापलेल्या सुईनं भोक पाडायचो, कड तासायचो, भांडं अल्कोहोलात उकळायचो, इथरनं धुवायचो. आणि सगळं झालं की शेवटी उजव्या हाताची तर्जनी कडेवरून एकदा गोल फिरवायचो. भिंगाला जे दिसत नाही ते माझ्या बोटाला कळायचं. हे मी कुणाकडून शिकलो नव्हतो. मॉस्कोहून आलेल्या एका पाहुण्यानं ते भांडं बघून विचारलं होतं, कुठल्या कारखान्याचं? मी तर्जनी दाखवली होती. ती गोष्ट मी लोकांना पुष्कळ वेळा सांगितली.

आणि दर गुरुवारी मी पलोव करायचो. संस्थेच्या मागच्या अंगणात तुतीखाली कढई होती. गुरुवारी ताश्कंदात कुठे पलोव नसतो? आमच्याकडे संचालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे जेवायचे, आणि करणारा मी. सरकीचं तेल धूर निघेतो तापवायचं, त्यात मेंढीच्या शेपटीची चरबी, मग कांदा, मांस, गाजर, तांदूळ. एक वाजता ताटं मांडली जायची, दोन वाजता मी तळघरात परत. हात त्या तपकिरी साबणानं धुवायचो, जो साबणही सरकीच्याच गाळाचा असतो.

पंच्याऐंशी सालच्या वसंतात सालोमतला तिचं दार सापडलं. विषाचे तिनं बारा भाग केले होते. सगळ्यांना ठाऊक असलेलं मोठं प्रथिन नुसतं भगदाड पाडतं, एकदा उघडलं की उघडंच. पण सातव्या भागातलं लहान प्रथिन शहाण्यासारखं उघडत होतं, मिटत होतं. पट्टीवर सुबक पायऱ्या. ती पट्टी घेऊन तळघरात आली तेव्हा धावत आल्यानं तिला बोलता येईना.

"उस्ता, बघा. बघा ना."

"जिना दिसतोय."

"जिनाच आहे. वीस मिनिटांनी सुरू होतो. आधी काही नाही आणि मग बघा."

लेख मॉस्कोच्या मासिकात घेतला गेला. छपाईची जुळणीसुद्धा झाली. तिच्या मोठ्या प्रबंधाची तारीख ठरत होती. विभागप्रमुख सोबिर दोमला, म्हणजे आमचे गुरुजी, पाहुण्यांना तिच्या खोलीत घेऊन जायचे. मी नवा सूट शिवायला टाकला.

आणि जूनमध्ये तिनं लेख मागे घेतला.

विभागाच्या बैठकीत उठून म्हणाली, "ही वाहिनी विषाची नाही. भांडं दूषित होतं. चरबी आणि साबण. नुसत्या साबणानंसुद्धा अशा पायऱ्या पडतात. चूक माझी आहे."

दोमलांचा चेहरा उतरला. ते वर मंत्रालयापर्यंत सांगून बसले होते. ते म्हणाले, "आपा, तुम्ही इथे प्रयोग करता की धुणी धुता?"

सगळे हसले. मी कोपऱ्यात प्रोजेक्टरचा दिवा बदलत होतो. मीही हसलो. सगळे हसत असताना नवरा गप्प राहिला तर बरं दिसत नाही, असं वाटलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

त्या दिवसापासून ती साबणआपा.

घरी मी तिला सोडलं नाही. आज लिहितो ते खरं लिहितो. कुठेतरी कुणी बढती घेतली, कुणाच्या बायकोला नवं घर मिळालं, की माझी जीभ सुटायची.

"देवानं दार उघडलं होतं. तू उठून बंद केलंस."

"ते बंदच होतं," ती गाजर चिरत म्हणायची.

"सहा महिने थांबली असतीस तर? कोण बघणार होतं?"

"मी."

"मी, म्हणे! साबणआपा!"

हो. मीसुद्धा म्हणायचो. एकदा नाही.

तिच्या गाजराचे काप बारीक पडायचे, सगळे सारखे. एवढंच केलं तिनं: त्या जूनपासून ती गुरुवारचा पलोव खाईनाशी झाली, पोटात जळजळतं म्हणून. आणि एक दिवस तळघरात येऊन म्हणाली, "उस्ता, गुरुवारी तुम्ही दमता. माझं भांडं बुधवारीच करून ठेवत जा. आणि शेवटी बोट नका फिरवू, मी भिंगाखाली बघून घेईन." बोटाचं मला लागलं. आपली चूक झाकायला आता माझ्या हुनरावर संशय, असं मला वाटलं. आठवडाभर मी तिच्याशी बोललो नाही.

पुढे तिला विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत टाकलं. उंदराच्या यकृताच्या पेशी, वर्षानुवर्षं तेच. तिचा आजारही यकृताचाच निघाला. शेवटच्या हिवाळ्यात ती खाटेवर पडून असायची आणि मी उशीशी बसून बिया सोलायचो. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "त्या पोरांना तू काय शिकवायचीस?"

"शेजार," ती म्हणाली. "शेजारच्या दोन पेशी भिंतीला भिंत लावून असतात. हिनं आपल्या भिंतीत अर्धी नळी बसवायची, तिनं आपल्या. दोन्ही अर्ध्या जुळल्या की रस्ता होतो. मग हिचं तिला, तिचं हिला. एका बाजूनं होत नाही."

"आणि एक मरायला टेकली तर?"

"तर तो रस्ता मिटतो. नाहीतर तिच्यामागे शेजारीणही जाईल, मग तिची शेजारीण."

"वा! असले शेजारी. मरताना दार लावून घेतात."

"शेजारीण नाही हो लावत," ती डोळे मिटूनच म्हणाली. "जखमी असते तिच्यातच चुना, म्हणजे कॅल्शियम, चढतो, आणि तिच्याच बाजूनं मिटतं."

मी म्हणालो, "शहाणी आहे." आणि बिया सोलत राहिलो. मार्चमध्ये ती गेली.

वर्ष भरायला दहा दिवस होते तेव्हा जमिरा आली. जमिरा तिची विद्यार्थिनी; आता तिच्याच विभागाची प्रमुख आहे. मला अमाकी म्हणते, काका. चहाला हात न लावता बोलायला लागली.

"अमाकी, आपाच्या पंच्याऐंशीच्या पट्ट्या आहेत ना?"

"पेटीत आहेत. का?"

"परदेशातल्या एका गटानं कोळ्याच्या विषातलं एक लहान प्रथिन छापलंय. उघडतं, मिटतं. पायऱ्यासुद्धा तशाच. अमाकी, हे आपाचं दार आहे! सव्वीस वर्षांआधी तिला दिसलं होतं, आणि तिनं उगाच घाबरून मागे घेतलं. तारखेच्या पट्ट्या मिळाल्या तर मी लेख लिहिते. पहिलं नाव तिचं. त्यांना तिचं नाव घ्यावं लागेल."

"घ्यावं लागेल?"

"लागेलच. आणि आपल्याकडची तोंडं बंद होतील. सोबिर दोमला अजून आहेत, त्यांच्या हातात देईन मी तो अंक."

मी तिला दोनदा चहा ओतला, पहिला तसाच असताना. मला रडू येत होतं. साबणआपा हे नाव पुसलं जाणार होतं. मी म्हणालो, "तिच्या वर्षाच्या पलोवला ये. पुरुष जेवून गेले की दुपारी ये. सगळं काढून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी उन्हात ओसरीवर पेटी उघडली. पट्ट्या गुंडाळून दोऱ्यानं बांधलेल्या होत्या, प्रत्येकीवर तारीख, आत तिची वही. सगळं रशियनमध्ये, कामाचं तसंच लिहीत. मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं, पण पायऱ्या कळत होत्या. ज्या पट्टीवर पायऱ्या ती उजवीकडे, सरळ रेघ ती डावीकडे. उजवीकडे ढीग झाला. मग मी त्यांच्या तारखा कागदावर उतरवल्या. मार्च: अठ्ठावीस. एप्रिल: चार, अकरा, अठरा, पंचवीस.

वीस वर्षं ज्यानं दर गुरुवारी कढई चढवली, त्याला सात-सातनं पुढे जाणाऱ्या तारखा वाचायला पंचांग लागत नाही.

आधी मला काही वाटलं नाही. गुरुवारी तिची पाळी असायची, सोमवारीही असायची. सोमवारच्या पट्ट्या डावीकडे होत्या, सगळ्या सरळ. वहीत तिनं कारण लिहिलं होतं: विष गुरुवारी ताजं वितळवते, सोमवारपर्यंत मरत असावं. पटण्यासारखं होतं.

मग नऊ मेची पट्टी आली. गुरुवार. ताजं विष. सहा तास. सरळ रेघ.

नऊ मे मला आठवतो. महायुद्धातल्या विजयाची सुट्टी, चाळिसावं वर्ष, आईकडे सगळे जमलेले, आणि ही बाई संस्थेत. मी चिडलो होतो. संस्था बंद होती. कढई पालथी होती. भांडं मी आदल्या दिवशीच, बुधवारी, करून ठेवलं होतं.

मी उरलेल्या पट्ट्यांचे दोरे सोडले.

सोळा मे, पायऱ्या. तेवीस मे: विष टाकलंच नाही, नुसती थांबली. वीस मिनिटांनी पायऱ्या. समास चिंचोळा होता, त्यात तिनं एक उद्गारचिन्ह काढून खोडलं होतं. आणि तीस मे. ती पट्टी हातात घेतली तेव्हा मला तो दिवस डोळ्यांसमोर दिसला. ताटं आवरून मी तळघरात आलो होतो, हात धुतले होते, अजून ओले होते. ती खाऱ्या पाण्याची काचेची वाटी घेऊन दारात उभी.

"उस्ता, यात बोट बुडवा."

"कशाला? अंगठी हरवली की काय?"

"तुमचं नशीब बघते."

"बघून काय करणार? ते तर तू खाऊन बसलीस."

ती हसली होती. मी तर्जनी बुडवली, हलवली, वर तिच्या नाकाला पाण्याचा थेंब लावला. त्या दिवशी आम्ही तरुण असल्यासारखे वागलो होतो. मी ती आठवण जपून ठेवली होती. ती गेल्यावर ज्या दोन-तीन चांगल्या आठवणी मी पुन्हा पुन्हा काढायचो, त्यांतली ही एक.

तीस मेच्या पट्टीवर जिन्यावर जिना होता. लेखणी कागदाबाहेर गेली होती. त्याच्याखाली दोन शब्द, आणि ते रशियनमध्ये नव्हते, आमच्या भाषेत होते: उस्ताचे हात.

बैठकीत ती म्हणाली होती, चूक माझी.

का सांगितलं नाहीस, हे विचारायला आता कुणी नाही. उत्तर मला माहीत आहे. सांगितलं असतं तर तळघर गेलं असतं, मॉस्कोच्या पाहुण्याची गोष्ट गेली असती, तुतीखालची कढई गेली असती. दोमलांचं ते वाक्य मला ऐकावं लागलं असतं, आणि मी ते सोसलं नसतं. तिला ठाऊक होतं मी कसा आहे. पंचवीस वर्षं ती माझं नाव अंगावर घेऊन जिना चढली-उतरली, आणि घरी आली की मी तिला तेच नाव फेकून मारलं.

पण त्या दिवशी मी काय केलं तेही सांगतो. मार्चची एक आणि एप्रिलच्या चार पट्ट्या जाड पाकिटात घातल्या, जमिरासाठी. नऊ मे, तेवीस मे आणि तीस मे कोटाच्या आतल्या खिशात ठेवल्या. म्हटलं, तिच्या नावासाठी. तिला एवढं तरी मिळू दे.

वर्षाचा पलोव मी स्वतः केला. आमची मुलगी समरकंदहून आली होती, म्हणाली, आचारी बोलवू. मी दुसऱ्याला कढईला हात लावू दिला नाही. पहाटेची नमाज आटोपून माणसं आली, लांब मेजांवर बसली, दोघांत एक ताट. सोबिर दोमलांना नातवानं धरून आणलं. नव्वदीला आले आहेत, पण घास नीट उचलतात.

मी वाढत होतो. दोमलांनी माझी बाही धरली.

"नोरमत, अजून तीच चव आहे रे. तुझ्या हातातच काहीतरी आहे."

मी म्हणालो, "आहे, दोमला."

जेवणं झाली. दुआ मागायला त्यांनी हात उचलले. आधी दोन शब्द बोलले. "सालोमत आपा सरळ बाई होती. चूक झाली तर झाली म्हणाली. आमच्यातले किती म्हणतात? आम्ही तिला हसलो, खरं आहे, अल्ला माफ करो. आता ती आहे तिथे साबणाचं कुणी विचारणार नाही."

मेजावर हसू फिरलं. वाईट हसू नव्हतं, प्रेमाचंच होतं. पण तेच होतं.

मी ताट खाली ठेवलं. "दोमला, हात माझे होते."

"काय म्हणतो?"

"भांडं मी दूषित केलं. गुरुवारी पलोव करून तळघरात जायचो आणि कडेवर बोट फिरवायचो. तिला कळलं होतं. तिनं तुम्हाला सांगितलं नाही. मला पण नाही. तिची चूक नव्हती. माझे हात होते."

गोदामवाला शोदिबोय, माझा पन्नास वर्षांचा दोस्त, मांडीवर थाप मारून म्हणाला, "वा रे नोरमत! जिवंतपणी बायकोला कधी पाण्याची बादली उचलू लागला नाहीस, आणि आता तिची चूक डोक्यावर घेतोस!"

"चूक घेत नाही. खरं सांगतोय."

"पलोवनं भोकं पडतात होय? मग वीस वर्षं खाऊन आमच्या चाळण्या झाल्या असत्या!"

आता सगळे मोकळेपणानं हसले. मी खिशात हात घातला, पट्ट्या काढल्या, उलगडल्या. कोण बघणार? हातांना चरबी लागलेली, डोळ्यांना चष्मे नाहीत. दोमलांचे डोळे मात्र भरून आले होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि शेजारच्याला म्हणाले, "बघ, याला नवरा म्हणतात. बायको गेल्यावरसुद्धा तिची लाज आपल्या अंगावर घेतो." मग दुआ झाली. अर्ध्या तासात अंगण रिकामं झालं. फाटकाशी दोघंतिघं जण मला मिठी मारून गेले, मोठ्या मनाचा माणूस म्हणून.

दुपारी जमिरा आली. मी पाकीट तिच्यापुढे ठेवलं, त्यावर खिशातल्या तीन पट्ट्या, त्यावर वही.

"नऊ मे आधी बघ," म्हटलं. "सुट्टी होती. पलोव नव्हता."

ती हुशार आहे. मला पुढे फार सांगावं लागलं नाही. तीस मेची पट्टी तिनं दोन्ही हातांत धरली, खालचे दोन शब्द वाचले, पुन्हा वाचले. मग पट्टी गुंडाळून पुन्हा दोऱ्यानं बांधली.

"अमाकी, हे मला का दाखवलंत?" ती म्हणाली. आवाजात राग होता. "या तीन नसत्या दाखवल्या तर मला कळलं नसतं. कुणालाच कळलं नसतं."

"तिला कळलं होतं."

"ती नाही आता!"

"तू छापशील. मग तिकडचा कुणीतरी सातवा भाग घेऊन बसेल, स्वच्छ भांड्यात. सरळ रेघ येईल. मग तिकडेही ती साबणआपा. इथे हसणारी तरी चारच माणसं होती."

तिनं वही बाजूला सारली. मग म्हणाली, "म्हणजे आपाला काहीच नाही."

"नाही."

"त्यांचं प्रथिन वेगळं, हिचं दार नव्हतंच."

"नव्हतंच. ती पहिल्यापासून म्हणत होती. बंदच होतं."

जमिरानं डोळे पुसले. मी म्हटलं, "एक कर. संस्थेत सांग. निदान हे सांग की हात माझे होते."

"तुम्ही सकाळी सांगितलंत ना? शोदिबोयकाका वाटेत भेटले मला." ती उठली. "काय झालं?"

"हसले."

"मग मी सांगून काय होणार? म्हणतील आपाची लाडकी होती." तिनं चपला घातल्या. "आणि नवीन पोरांना तर ते नाव माहीतसुद्धा नाही, अमाकी. तुम्ही सांगाल तेव्हाच कळेल त्यांना."

हे मला सुचलं नव्हतं. ती पाकीट न घेता गेली. तिनं एका पानाचा फोटोसुद्धा काढला नाही.

मी कढई घासायला घेतली. मुलगी नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. राख, पाणी, तपकिरी साबण. कढई निघाली. मग हात धुवायला तिच्या कपाटातली वडी काढली. निरोपाच्या खोक्यातली शेवटची, तिनं कागदसुद्धा उघडला नव्हता. तीनदा धुतले. कोपरापर्यंत. बोटांना गुलाबाचा वास यायला लागला.

मग नळाखाली एक पांढरी वाटी भरली, चिमूटभर मीठ टाकलं, आणि उजव्या हाताची तर्जनी त्यात बुडवली.

पाण्यावर लगेच तवंग आला.